डायनिंग टेबल: चार खुर्च्या की सहा, गोल की लांबट? (खोली ११ फूट बाय साडेनऊ)

मधली_सुट्टी:
मंडळी, जरा डोकं लावा माझ्यासाठी. नवीन घरात स्वयंपाकघराला लागून जेवणाची वेगळी खोली मिळालीये, खोली कसली म्हणा, ११ फूट बाय साडेनऊ फूट, आणि त्यातही एका लांब भिंतीच्या कडेने बाल्कनीत जायचा रस्ता आहे त्यामुळे ती बाजू अडवून चालणार नाही. घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई (गुडघ्यांचा त्रास आहे) आणि नऊ वर्षांचे चिरंजीव, जे अभ्यास, चित्रकला, तोडफोड सगळं याच टेबलावर करणार हे मी आत्ताच लिहून देते. अधूनमधून पाहुणे आले की सहाजण होतात. नवऱ्याचं म्हणणं, एकदाच घ्यायचं तर सहा खुर्च्यांचं दणकट लाकडी घेऊ. मला गोल आवडतंय. दुकानात गेलं की सगळीच टेबलं बरी वाटतात आणि घरी येऊन टेप लावला की सगळीच अगडबंब! शिवाय भांड्यांचं एक कपाट आहे, १६ इंच खोल, तेही इथेच बसवायचंय. एका बाजूला बाकडं घेतलं तर जागा वाचेल का? आणि टॉप काचेचा, लाकडी की मार्बलचा? दुकानदाराला विचारलं तर तो प्रत्येक टेबलाला "हेच घ्या" म्हणतो.

घरकोंबडा:
ताई, आधी दुकानात जाणं बंद करा हाहा. तिथे छत उंच, जागा ऐसपैस, त्यामुळे सहा फुटी टेबल पण पाटासारखं दिसतं. जुनी वर्तमानपत्रं घ्या, चिकटपट्टीने जोडा, जे माप डोक्यात आहे त्या मापाचा कागद जमिनीवर अंथरा आणि चारी बाजूंनी घरातल्या असतील त्या खुर्च्या लावा, पण त्या कागदावर ढकलून नाही तर माणूस बसल्यावर जशा मागे येतात तशा. मग एकाला बसवा आणि दुसऱ्याला हातात भरलेली बादली घेऊन त्याच्या मागून जायला सांगा. अंग चोरावं लागलं तर माप कमी करा. दोन-तीन दिवस तो कागद तसाच राहू दे, सकाळच्या घाईत कोण कुठे अडखळतं ते आपोआप कळतं. बहुतेक लोक खुर्ची आत सरकवलेली असताना माप घेतात आणि तिथेच फसतात.

रंधा:
घरकोंबडा यांना +१. मी फर्निचरच्या कामातलाच आहे म्हणून थोडे आकडे देतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

टेबलाची कड ते भिंत, मधे माणूस बसणार असेल तर ३६ इंच हवेत. मागून कोणी जाणार नसेल तर ३० मधे भागतं पण उठताना खुर्ची भिंतीला घासते आणि वर्षभरात रंगावर ओरखड्यांची रांग दिसते. बसलेल्याच्या मागून ये-जा असेल तर ४४ इंच धरा. आता तुमची खोली १३२ बाय ११४ इंच. ३६ इंच रुंद टेबल लांबीच्या दिशेने ठेवलं तर आडव्या अंगाला ७८ उरले. बाल्कनीकडे ४४ द्या, दुसरीकडे ३४ राहतात, छान बसलं. पण भांड्यांचं कपाट त्या लांब भिंतीला लावलंत की ३४ मधले १६ गेले, राहिले १८, त्यात माणूस सोडा खुर्चीपण मावत नाही. म्हणजे तुमचा खरा घोळ चार की सहा हा नाहीचे, कपाटाचा आहे. ते आखूड भिंतीला न्या, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जागा असेल तर उत्तमच. तसं केलं की १३२ मधून १६ वजा, उरले ११६. पाच फुटी टेबल ठेवलं तर दोन्ही टोकांना २८-२८. टोकाला रोज खुर्ची ठेवायची नाही, कपाटाचा खण उघडायला आणि समोर उभं राहायला ते पुरतं. सहा फुटी घेतलं तर २२-२२ उरतील, मग कपाट उघडताना टेबलावर बसायला लागेल.

माणशी २४ इंच रुंदी धरतात. पाच फुटी टेबलाला एका बाजूला दोघं ऐसपैस, तिघं बसवले तर वाट्याला २० इंच, कोपराला कोपर लागणार. दुकानात याच मापाला सिक्स सीटर म्हणून खपवतात. त्यामुळे "सहाचं" "चारचं" या नावावर जाऊ नका, लांबी विचारा.

आणि एक, पाय कुठे आहेत ते बघा. लोक टॉप बघतात, पॉलिश बघतात, पाय कोणी बघत नाही. चार कोपऱ्यांना तीन-तीन इंची पाय असतील तर दोन पायांच्या मधे किती जागा उरते त्यावर खुर्च्या ठरतात. पाय कडेपासून फार आत घेतलेले असले तर कडेला बसणाऱ्याच्या गुडघ्यांमधे पाय येतो. एरो सारिनेन नावाचा डिझायनर या पायांच्या गर्दीलाच वैतागला होता, म्हणून त्याने १९५७ च्या सुमारास मधे एकच खांब असलेलं टेबल आणलं. तुमचं गोल टेबल घ्यायचंच ठरलं तर तसं मधल्या खांबाचं घ्या, खुर्ची कुठेही सरकवता येते. फक्त कडेवर जोर देऊन बघा, बुड हलकं असेल तर कलतं. मुलगा त्यावर ओणवा होणार हे धरूनच बघा.

फाटेफोड:
मी नेहमीप्रमाणे उलटं बोलतो. चौघांसाठी कायमस्वरूपी पाच फुटी लाकूड खोलीच्या मधोमध का रोवायचं? महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोजची जागा अडवायची हे मला कधी पटलेलं नाही. आणि मोठं टेबल म्हणजे काय, तर जेवायला अर्धं आणि उरलेल्या अर्ध्यावर पत्रं, किल्ल्या, चार्जर, इस्त्रीचे कपडे. जेवढा टॉप मोठा तेवढा पसारा मोठा. पंख दुमडणारं टेबल घ्या की, इंग्लंडमधे सतराव्या शतकापासून घडीच्या पायांची टेबलं वापरात आहेत, पंख खाली सोडले की भिंतीला चिकटून उभं राहतं. भिंतीला बिजागरीने लावलेलंही चालतं.

रंधा:
फाटेफोड, कल्पना चांगली आहे पण रोज चार वेळा पंख कोण उघडणार? आठवड्याभरात ते उघडंच राहतं, बघितलंय मी. वर घडीच्या पायांचं टेबल म्हटलं की बसणाऱ्याच्या पायात तो आडवा दांडा येतो. त्यापेक्षा मधून ओढून वाढणारं बघा. रोजचं चार फुटी, आत एक फळी दुमडून ठेवलेली, ओढलं की साडेपाच फूट होतं. ही पण काही आजची युक्ती नव्हे, गिलो नावाच्या कारागिराने १८०० साली असल्या सरकत्या टेबलाचं पेटंट घेतलं होतं. ताईंच्या खोलीत ६६ इंच ओढलं तर टोकांना २५-२५ राहतात, त्या दिवशी टोकाला कोणी बसवायचं नाही, बाजूला तीन-तीन, माणशी २२ इंच. पाहुण्यांचे दोन तास निघून जातात.

घेताना दुकानातच स्वतः दहा वेळा उघडबंद करून बघा. सरकपट्टी धातूची असली तर बरी. बंद केल्यावर मधल्या फटीत नख जातंय का बघा, जात असेल तर रोजच्या जेवणाचे कण तिथे साठणार.

सावकाश:
सगळे टेबलावरच अडकलात. बसायचं खुर्चीवर असतं! मधली_सुट्टी, तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे मी, म्हणून अगं-तुगं करते, रागावू नकोस.

बाकडं घेऊ नकोस, निदान त्यांच्यासाठी तरी. पाठीला टेकू नाही, हाताला आधार नाही, आणि मधे बसलेल्याला उठायचं असेल तर कडेच्याला उठवावं लागतं. आम्हा म्हाताऱ्यांना उठताना हातांनी रेटा द्यायला काहीतरी लागतं, ते खुर्चीच्या हातांनीच मिळतं. तर एक खुर्ची हातांची घे, त्यांची. आणि ती बाल्कनीकडच्या मोकळ्या बाजूला ठेव, भिंतीकडे नको, म्हणजे त्यांना मागे सरकायला जागा राहते.

पण हातांची खुर्ची घेताना टेबलाखाली जाते का ते बघायचं. आमच्याकडे नाही जात. टेबल ३० इंच उंच, टॉपची जाडी आणि खालची आडवी पट्टी धरून पाचेक इंच गेले, खाली उरले २५. खुर्चीचे हात २६ वर. मग ती खुर्ची कायम बाहेर, येणारा-जाणारा तिला ठेचकाळतो. आता तिच्यावर पिशव्या असतात.

बैठक जमिनीपासून १८ इंच असावी, १७-१९ मधे काहीही चालतं, आणि बैठक ते टॉप यात १० ते १२ इंच. त्याहून कमी असलं तर मांड्या पट्टीला घासतात, जास्त असलं तर खांदे वर करून जेवावं लागतं आणि मान धरते. गुबगुबीत गादीची खुर्ची दुकानात मऊ वाटते, पण बसल्यावर दोन इंच खाली जाते हे मापात धरायचं. बैठक फार खोल नको, १६-१७ इंच पुरे, नाहीतर पाठ टेकवली की गुडघ्यामागे कड रुतते. दुकानात मी तर निवांत पंधरा मिनिटं बसून राहते. विक्रेते चुळबुळ करतात, करू देत.

नातवासाठी म्हणून सांगते, नऊ वर्षांच्या मुलाचे पाय १८ इंची खुर्चीवरून पुरते टेकत नाहीत, म्हणून ती पोरं खुर्चीवर गुडघे दुमडून बसतात आणि आपण त्यांनाच ओरडतो. पायाखाली काहीतरी द्या.

घरकोंबडा:
सावकाशताई, "आता तिच्यावर पिशव्या असतात" हे आमच्याकडेही 😂 मुलांचं मात्र अगदी खरं. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविकने १९७२ मधे मुलाबरोबर वाढणारी खुर्ची केली ती याच कारणाने, बैठक आणि पाय ठेवायची फळी दोन्ही वरखाली होतात. आपला सुतारही तसं करून देईल, दोन बाजूंना खाचा आणि मधे सरकणारी फळी, त्यात विशेष काही नाही.

मधली_सुट्टी:
अरे बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद. काल रात्री नवऱ्याला कामाला लावून कागद अंथरले. ७२ बाय ३६ चा कागद घातल्यावर त्यानेच बादली घेऊन जायचा प्रयत्न केला आणि काही न बोलता कात्री आणली. ६० चा कागद ठीक वाटतोय. कपाट आखूड भिंतीला बसतंय पण स्वयंपाकघराचं दार आतल्या बाजूला उघडतं, ते कपाटाच्या कोपऱ्याला लागतं की काय अशी शंका आहे. ४८ इंची गोल कागदपण घालून बघितला, चौघांना मस्त वाटला, पाचवा ठीक, सहावा मात्र चिकटून. मन अजून गोलातच आहे. टॉपचं कोणी सांगितलं नाही. आणि दिवा कुठे लावू? सध्या छताच्या मधोमध पंखा आहे आणि टेबल सरकवल्यामुळे ते मधोमध येतच नाही.

अवकाळी:
दिव्याचं मी सांगतो. दिवा खोलीच्या मध्यावर नाही, टेबलाच्या मध्यावर लावायचा. तुमचं टेबल भिंतीकडे सरकणार म्हणजे पंख्याचा मध्य आणि टेबलाचा मध्य आपसूकच वेगळे झाले, आडव्या अंगाला पाच इंचाचा आणि कपाटामुळे लांबीच्या दिशेने आठ इंचाचा फरक आहे, फार नाही. अडचण अशी की लोंबता दिवा आणि पंखा इतके जवळ नांदत नाहीत. पाती दिव्याला लागायची नाहीत इतकं अंतर असलं तरी वाऱ्याने दिवा झुलतो. आणि दिवा पात्यांच्या वर गेला तर ताटावर सावल्या फिरत राहतात, डोकं उठतं. पंखा ठेवायचाच असेल तर लोंबत्या दिव्याचा नाद सोडा, भिंतीवरून टेबलाकडे झुकणारा हाताचा दिवा लावा, किंवा पंखा भिंतीवर न्या. पंखा हलवणार असाल तर लोंबता दिवा टॉपपासून ३० ते ३६ इंच वर. त्यापेक्षा खाली आला तर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, वर गेला तर बल्ब थेट डोळ्यात. दिव्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या अर्धी ते दोन तृतीयांश. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. पांढराफटक लावलात तर जेवणाची खोली दवाखान्यासारखी दिसते. मुलगा तिथे अभ्यास करणार म्हणताय तर डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावून घ्या.

सतरंजी किंवा गालिच्याच्या मोहात पडू नका. टेबलाच्या चारी बाजूंना २४ इंच बाहेर आला तरच खुर्चीचे मागचे पाय त्यावर राहतात, म्हणजे तुम्हाला १०८ बाय ८४ इंचाचा लागेल आणि तो बाल्कनीच्या रस्त्यात येईल. लहान घेतला तर प्रत्येक वेळी खुर्ची कडेला अडकणार. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे गोल तुकडे चिकटवा, आवाजही जातो.

रंधा:
टॉपबद्दल. मार्बल म्हणजे मुळात चुनखडीच, कुठलाही आंबट थेंब पडला की चकाकी जाते आणि तो डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. वरून सीलर मारला तरी हे थांबत नाही, सीलर फक्त रंग आत मुरू देत नाही. दुकानदार नेमकं हे सांगत नाहीत. दगडच हवा तर ग्रॅनाइट. पण वजन बघा, पाच फुटी दगडी टॉप एकदा ठेवला की सफाईसाठी पण हलत नाही.

काच घेतलीत तर टफन्डच (तापवून कडक केलेली), १० किंवा १२ मिलिमीटर. ती फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात. टफन्ड केल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे माप आधीच पक्कं करा. मला स्वतःला काच आवडत नाही, दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसायचं आणि खालून सगळ्यांचे पाय दिसतात. नऊ वर्षांचा मुलगा असताना तर नकोच.

लाकूड घ्या. मात्र "सॉलिड वुड" म्हणून दाखवलं तर टॉपच्या खाली वाकून बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरल्या असतील तर लाकूड, नाहीतर प्लाय किंवा एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. व्हिनियर वाईट नाही हां, चांगल्या प्लायवर असेल तर वाकत पण नाही, फक्त भाव त्याप्रमाणे लावून घ्या. अख्ख्या लाकडाचा टॉप हवेतल्या दमटपणाने रुंदीत काही मिलिमीटर फुगतो आणि सुकला की आक्रसतो, लांबीत जवळपास नाही. म्हणून टॉप फ्रेमला जिथे स्क्रूने धरलाय तिथली भोकं लांबट हवीत. थेट ठोकून बसवलेला असेल तर एखाद्या कोरड्या ऋतूत मधून चीर पडते. हे टेबलाखाली डोकं घालून दोन मिनिटांत दिसतं.

पॉलिशचं म्हणाल तर पीयू (पॉलियुरेथेन) टिकतं, पाणी झेलतं, पण ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, पूर्ण टॉप घासायला लागतो. तेल-मेणाचं फिनिश दर वर्षी हात मागतं, पण डाग पडला तिथेच घासून तेल लावलं की झालं. चिरंजीवांचे पराक्रम ऐकून मी तेलवालंच सुचवीन. किंवा सरळ सनमायका! नाकं मुरडतात लोक पण स्केचपेन, कंपास, गरम भांडं सगळं सोसून वर तोंड काढतो तो एकटाच. गरम भांड्याखाली तरीही काहीतरी ठेवा.

खुर्ची घेताना पाठीला धरून थोडी तिरकी करा आणि दोन पायांवर दाब द्या. करकर आवाज आला की सोडून द्या. नुसत्या स्क्रूवर जोडलेली असते ती, लाकडात लाकूड बसवून केलेला सांधा बोलत नाही.

फाटेफोड:
रंधा म्हणतात ते सगळं मान्य, तरी मी गोलाच्या बाजूने मत टाकून जातो. चौघं रोज, पाहुणे क्वचित. गोलाला कोपरे नाहीत, मुलाच्या कपाळाची काळजी नाही, बाल्कनीत जाताना कंबरेला टोक लागत नाही. ४८ इंची गोल, मधून ओढलं की लंबगोल होणारं पण मिळतं. नवऱ्याला लाकूड, तुम्हाला गोल, भांडण मिटलं.

सावकाश:
हे मात्र फाटेफोड पहिल्यांदाच सरळ बोलले. फक्त ४८ इंच गोल म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ६६ उरतात गं, बाल्कनीकडे ४४ सोडलेस तर भिंतीकडे २२. तिथे खुर्ची नाही मावायची. ३६-३० कर, आणि खुर्च्या बरोबर चार दिशांना न लावता तिरक्या लाव, म्हणजे रस्त्यात कोणाची पाठच येत नाही.

मधली_सुट्टी:
तिरक्या! हे डोक्यातच आलं नव्हतं. आज परत गोल कागद अंथरते. लंबगोल होणारं एक बघून ठेवलंय, त्याला मधे खांब आहे पण ओढल्यावर तो खांब दोन भागांत फाटतो, असलं घ्यावं का?

रंधा:
घ्या, तेच चांगलं. खांब फाटत नसेल आणि नुसता टॉप लांबत असेल तर टोकाला कोपर टेकवल्यावर टेबल उचलतं. फाटल्यावर दोन्ही अर्ध्यांचे पाय जमिनीवर नीट टेकतात का तेवढं बघा, सपाट फरशीवर ठेवून. आणि ऑर्डर द्यायच्या आधी जिन्याचं वळण, लिफ्ट आणि घराचं दार मोजा. ४८ इंची गोल टॉप सुटा होतो का ते विचारून घ्या, ३६ इंची दारातून तो आडवा जात नाही, उभा करून न्यावा लागतो. दारावरचा झुलता पडदा काढून ठेवा म्हणजे झालं. आणि स्वयंपाकघराच्या दाराचं म्हणाल तर सुताराकडून बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.